मुलाखतीचं बोलावणं आलं, पण इंग्रजीचं काय?

‘मुलं आता मोठी झाली. सकाळी डबे भरून दिले की दुपारी तीनपर्यंत घर रिकामं. पदवी आहे, लग्नाआधी दोन वर्षं नोकरीही झालेली आहे. मग पुन्हा कुठे का बघत नाही?’ वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर, कुठल्याही सोसायटीच्या आवारात संध्याकाळी दोन बायका भेटल्या की हा विषय निघतोच. आणि त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं : ‘अहो, बघायला काय हरकत आहे? पण आपलं इंग्रजी हे असं! मुलाखतीला तोंडातून शब्द फुटायचा नाही.’

मैत्रिणींनो, हे उत्तर आज जरा तपासून बघू या. कारण या एका वाक्यापायी कितीतरी चांगल्या, हिशेबाला पक्क्या, माणसं सांभाळायला तरबेज अशा बायका घरात बसून राहतात. घरात राहणं ज्यांनी आपखुशीने पत्करलं आहे, त्यांच्याबद्दल मुळीच तक्रार नाही. प्रश्न आहे तो मनातून जायचं असूनही दारातून मागे फिरणाऱ्यांचा. घराचा हप्ता एकाच पगारावर चालतो, सासऱ्यांचं औषधपाणी असतं, मुलीची फी दरवर्षी वाढते. उद्या घरच्या कमावत्या माणसाची नोकरी गेली, तो अंथरुणाला खिळला, तर काय, हा विचार रात्री झोप उडवतो. त्या वेळी आपल्या नावाचा पगार ही चैन राहत नाही, घराचा टेकू होतो.

नोकरी आता दाराशी आली आहे

1970 साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याचं काम सुरू झालं. 1973 साली वाशीचा पूल झाला, पण लोकल यायला 1992 साल उजाडलं. तोवर नोकरी म्हणजे बसने खाडी ओलांडून मुंबईला जाणं. लहान मूल घरी ठेवून रोज चार-चार तास प्रवासात घालवणं किती जणींना जमणार?

आज चित्र पालटलं आहे. ऐरोली, महापे, रबाळे इथे कंपन्यांची मोठमोठी कार्यालयं उभी राहिली. बेलापुरात सरकारी आणि खाजगी कचेऱ्यांची दाटी आहे. 1989 साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरामुळे मालवाहतुकीची कितीतरी ऑफिसं इथे आली. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात हिशेबनिसांची गरज असते, आणि शाळा, इस्पितळं, बँका तर प्रत्येक उपनगरात आहेत. 2023 साली बेलापूर ते पेंधर मेट्रो धावू लागली, जानेवारी 2024 मध्ये लोकल उरणपर्यंत पोचली, आणि डिसेंबर 2025 पासून नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. म्हणजे काम अंगणात आलं. मधे राहिला तो मुलाखतीचा उंबरठा.

ही भीती आली कुठून?

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधी मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला इंग्रजीची ओळख व्हायची ती पाचवीत. तीही कशी? धडा वाचायचा, शब्दार्थ पाठ करायचे, पेपरात उतरवायचे. बोलण्याची वेळच यायची नाही. तेव्हा आज पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या बाईला इंग्रजी बोलताना अडखळायला होत असेल, तर त्यात तिच्या बुद्धीचा दोष काय? सवयच लागली नाही, इतकंच.

दुसरी गोष्ट अशी, की कामाच्या ठिकाणी लागणारं इंग्रजी आणि आपल्या मनातलं इंग्रजी यांत फार अंतर आहे. आपल्याला वाटतं, दूरदर्शनवरच्या बातम्या देणाऱ्या बाईसारखं फाडफाड बोलता आलं पाहिजे. प्रत्यक्षात शाळेच्या कार्यालयात, इस्पितळाच्या नोंदणी खिडकीवर किंवा हिशेब विभागात लागतं काय? आलेली ई-मेल समजणं, चार ओळींचं उत्तर लिहिणं, फोनवर नाव-गाव-काम विचारून घेणं आणि तक्त्यात नोंद करणं. एवढं इंग्रजी दहावी झालेल्या कुठल्याही बाईच्या पोटात असतं. ते ओठांवर आणि कागदावर आणायचं आहे.

कल्याणच्या एका सुनेचा अर्ज

इथे एका अर्जाची आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. कल्याणच्या जोश्यांची यमुना नवव्या वर्षी लग्न होऊन आनंदीबाई गोपाळराव जोशी झाली. नवरा टपालखात्यात, त्यामुळे बदल्या होत. अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता, जाईल तिथे अभ्यास चालू. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. वेळेवर नीट उपचार मिळाले नाहीत ही खंत तिच्या मनात राहिली, आणि त्यातूनच डॉक्टर होण्याचा निश्चय झाला.

1883 साली अठरा वर्षांची ही मुलगी अमेरिकेला पोचली आणि त्याच जूनमध्ये तिने पेनसिल्व्हानियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिलं. इंग्रजीत, अर्थात. त्या पत्रात तिने काय केलं पाहा. आपण तुमच्या सगळ्या अटी पुऱ्या करत नसू, हे तिने सरळ सांगितलं, लपवलं नाही. मग आपण कशासाठी आलो ते सांगितलं : माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडे जाण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे. आणि विरोध झाला असतानाही इथवर आले, तो निर्धारच पुढे उपयोगी पडेल, असंही नमूद केलं. तिला प्रवेश मिळाला आणि मार्च 1886 मध्ये ती डॉक्टर झाली. पुढच्याच वर्षी, बावीस वर्षांची होण्याआधीच ती गेली, ही चटका लावणारी गोष्ट खरीच. पण ते पत्र आजही चांगल्या अर्जाचा वस्तुपाठ आहे. उणीव असेल ती मान्य करायची, हेतू स्पष्ट सांगायचा, आणि आपल्याजवळ जे आहे ते संकोच न करता मांडायचं. हे तीन धागे धरून ठेवा, मुलाखतीतही तेच कामाला येतील.

आपल्या नेहमीच्या चुका

आपण मराठीत विचार करतो आणि शब्द तेवढे इंग्रजी घालतो. म्हणून मराठी माणसाच्या चुका ठरावीक असतात. ठरावीक आहेत म्हणजे दुरुस्त करणंही सोपं. या सात पाहून ठेवा.

1. ‘मी काल बँकेत गेले होते.’ यातल्या ‘होते’मुळे आपण ‘आय हॅड गॉन’ लिहितो. साध्या भूतकाळाला ‘आय वेंट टू द बँक यस्टरडे’ एवढं पुरतं. दोन घडून गेलेल्या गोष्टींपैकी आधीची कोणती हे दाखवायचं असेल तेव्हाच ‘हॅड’.

2. ‘मी दहा वर्षांपासून इथे राहते’ याचं ‘सिन्स टेन इयर्स’ होत नाही. मुदत सांगायची तर ‘फॉर’, सुरुवातीचं साल सांगायचं तर ‘सिन्स’. ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर टेन इयर्स’ किंवा ‘सिन्स 2015’.

3. ‘मला दोन मुलं आहेत’ म्हणजे ‘आय हॅव टू चिल्ड्रन’. ‘आय अ‍ॅम हॅविंग’ नको.

4. मराठीतला लाडका ‘च’. ‘मी इथेच राहते’ म्हणून ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’ असं शेपूट लावू नका. नुसतं ‘आय लिव्ह हिअर’ म्हणा.

5. एकदा ‘डिड’ आलं की पुढचं क्रियापद मुळातलं. ‘डिड नॉट रिसीव्ह’ बरोबर, ‘डिड नॉट रिसीव्ह्ड’ चूक.

6. ‘अ’ आणि ‘द’ मराठीत नाहीतच, म्हणून ते गळतात. वस्तूचा पहिल्यांदा उल्लेख आला तर ‘अ’, ओळख झाल्यावर ‘द’ : ‘आय वर्क्ड इन अ स्कूल. द स्कूल वॉज इन ठाणे.’ पहिलं अक्षर स्वराच्या उच्चाराचं असेल तर ‘अ’चं ‘अ‍ॅन’ होतं. निम्मा घोळ एवढ्यानेच मिटतो.

7. ‘माझे मिस्टर’ घरात ठीक. इंग्रजीत मात्र ‘माय हसबंड’च म्हणायचं.

आणखी एक. जुन्या अर्जांतली ‘आय बेग टू स्टेट’ किंवा ‘युवर ओबिडियंट सर्व्हंट’ ही साहेबाच्या काळातली भाषा आता कोणी वापरत नाही. ‘प्लीज डू द नीडफुल’ हेही मोघम. काय करायला हवं ते नेमकं लिहा : दाखला द्या, तारीख कळवा, रक्कम परत करा.

रोजची वीस मिनिटं

वर्गाला जायला वेळ आणि पैसे असतील तर उत्तमच. नसतील तरी अडून राहू नका. दुपारी चहा घेताना वीस मिनिटं काढा, पण रोज काढा. थेंबे थेंबे तळे साचे, हे भाषेइतकं दुसऱ्या कशालाही लागू नसेल.

पहिली पाच मिनिटं मोठ्याने वाचा. मुलाचं चौथी-पाचवीचं इंग्रजी पुस्तक चालेल, लाज कसली? जीभ वळायला हवी. पुढची दहा मिनिटं लिहा. विषय घरातलाच घ्या : मुलाच्या शाळेला रजेची चिठ्ठी, सोसायटीच्या सचिवांना गळतीची तक्रार, बँकेला पत्ता बदलल्याचं पत्र, विजेचं बिल जास्त आलं म्हणून महावितरणला अर्ज. पाच ते सहा छोटी वाक्यं, एका वाक्यात एकच गोष्ट. विषयाची ओळ, कारण, मागणी, आपलं नाव आणि फोन नंबर, एवढी चौकट पक्की बसली की ई-मेलही तशीच लिहिता येते. उरलेली पाच मिनिटं कालचं लिखाण तपासा आणि वरच्या सातांपैकी कोणती चूक झाली ते वहीच्या कडेला लिहा. महिनाभरात तुमची तुम्हालाच कळेल आपली खोड कोणती.

घरात कॉलेजात जाणारं लेकरू असेल तर त्याला तपासायला द्या. हसेल, हसू दे. व्याकरणासाठी जुनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरच्या माळ्यावर सापडली तर झटकून खाली काढा. मराठीतून इंग्रजीकडे बोटाला धरून नेणारं पुस्तक आहे ते.

हल्ली फोनमधलं यंत्र क्षणात अर्ज लिहून देतं. त्याची मदत जरूर घ्या, चुका दाखवायला ते चांगलं आहे. पण अख्खा अर्ज त्याच्याकडून लिहून घेतलात तर त्यात असे जड शब्द येतात, की समोरच्याने ‘म्हणजे काय?’ विचारलं तर पंचाईत. ज्या वाक्याचा अर्थ तुम्ही मराठीत सांगू शकत नाही, ते वाक्य अर्जातून काढून टाका.

कागदपत्रांची पिशवी

आपल्याकडे लग्नात सासरचं आडनाव येतं, मधलं नाव बदलतं, कधी पाळण्यातलं नावही बदलतं. पदवीवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं! ऐनवेळी यावरून फार धावपळ होते. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला, आणि नाव राजपत्रात बदललं असेल तर त्याची प्रत, आधीच काढून ठेवा. सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती, फोटो, जुन्या नोकरीचं प्रमाणपत्र एका पाकिटात घाला. मूळ कागद दाखवून परत घ्यायचे, कुठेही ठेवून यायचे नाहीत.

बायोडाटा एक पान, फार तर दोन. त्यात नवऱ्याचा हुद्दा, वजन-उंची, धर्म-जात यांची गरज नाही. शिक्षण, केलेलं काम, येणाऱ्या भाषा, संगणकावर काय येतं, एवढं पुरे. एमएस-सीआयटी, टायपिंग असेल तर लिहा. आणि ‘अर्जाचे पैसे भरा, नोकरी नक्की’ असं सांगणारा भेटला, तो विमानतळाचं नाव सांगो की बँकेचं, तर तिथून काढता पाय घ्या.

प्रत्यक्ष मुलाखत

आदल्या दिवशी जागा पाहून या. महापे-रबाळ्याच्या औद्योगिक भागात पत्ते प्लॉटच्या नंबरावर असतात. घणसोली किंवा कोपरखैरणे स्टेशनात उतरून रिक्षावाल्याला नुसतं कंपनीचं नाव सांगून भागत नाही. साडी असो वा पंजाबी ड्रेस, इस्त्रीचा आणि सवयीचा हवा. नवी चप्पल त्या दिवशी नको.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर फोन हातात धरू नका. डाळीच्या डब्याला टेकवून डोळ्यांच्या रेषेत ठेवा. उजेड तोंडावर यावा, पाठीमागे कोरी भिंत असावी. कुकर तासभर आधीच लावून टाका, नाहीतर ऐन उत्तराच्या वेळी तीन शिट्ट्या!

पहिला प्रश्न बहुतेक ठिकाणी एकच असतो : ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ इथे आपण सुरुवात करतो ती मिस्टर कुठे असतात, मुलं कितवीत आहेत यांपासून. तसं नको. चार वाक्यं तयार ठेवा : काय शिकले, आधी काय काम केलं, मधल्या काळात काय केलं, आणि ही नोकरी का हवी. ती पाठ करून घोकू नका, आरशासमोर दहा वेळा म्हणा, म्हणजे आपोआप बसतील.

यातलं तिसरं वाक्य सगळ्यांत अवघड. मधल्या आठ-दहा वर्षांचं काय सांगायचं? ‘काही नाही, घरीच होते’ हे उत्तर तोंडातून बाहेर पडू देऊ नका, कारण ते खरंच नाही. सोसायटीचा जमाखर्च कोणी लिहिला? भिशी कोणी चालवली? शिकवण्या कोणी घेतल्या? सासूबाईंच्या आजारपणात विम्याचे कागद कोणी पुरे केले? जे खरं असेल ते सांगा. उदाहरणार्थ : ‘आय टुक अ ब्रेक फॉर नाइन इयर्स टू रेझ माय चिल्ड्रन. ड्युरिंग दॅट टाइम आय केप्ट द अकाउंट्स ऑफ अवर हाउसिंग सोसायटी. नाऊ आय अ‍ॅम रेडी टू वर्क फुल टाइम.’ तीनच वाक्यं, पण त्यांत कुठे माफी मागितलेली नाही.

प्रश्न कळला नाही तर मान डोलवू नका. ‘कुड यू प्लीज रिपीट दॅट?’ म्हणायला काही कमीपणा नाही. फारच अडलं तर ‘मे आय एक्सप्लेन धिस इन हिंदी?’ असं विचारून सांगा. विचारून भाषा बदलणारी बाई गोंधळलेली वाटत नाही, विचारी वाटते.

‘मुलं आजारी पडली तर?’ हा प्रश्न पुरुष उमेदवाराला सहसा कोणी विचारत नाही. आपल्याला विचारतात. चिडू नका, घरी काय सोय केली आहे ते एका वाक्यात सांगा. पण त्याआधी ती सोय खरोखर करा! पाळणाघर, शेजारीण, नवऱ्याची पाळी, हे घरात आधी बोलून ठरवा. मुलाखतीनंतर घरात होणारे वाद बहुधा याच न बोललेल्या गोष्टीवरून होतात.

मागायला शिका

‘पगार किती हवा?’ यावर ‘तुम्ही द्याल तो’ हे उत्तर नम्रपणाचं वाटतं, पण महागात पडतं. तशाच कामाला आसपास काय मिळतं ते आधी चौकशी करून ठेवा. त्यात प्रवास आणि पाळणाघराचा खर्च धरा आणि आकडा सांगा. सांगून गप्प बसा. समोरच्याला बोलू द्या.

थोडे हक्कही माहीत असू द्यात. समान कामाला समान वेतन हा कायदा 1976 साली झाला, आणि तेच तत्त्व 2019 च्या वेतन संहितेतही आहे. 2013 च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कार्यालयात स्त्रियांच्या छळाची तक्रार ऐकणारी अंतर्गत समिती असायलाच हवी. 2017 पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा मिळते, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असणं बंधनकारक आहे. ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ असं शेवटी विचारतात, तेव्हा कामाची वेळ, सुट्टी, पाळणाघर यांची चौकशी खुशाल करा.

नकार आला तर

येणार. पहिल्याच अर्जाला माळ पडत नाही. घरी आल्यावर आधी पाणी प्या, मग वहीत लिहून काढा : कोणते प्रश्न विचारले, कुठे अडले, काय बरं जमलं. तिसऱ्या मुलाखतीला तुम्हाला आढळेल, की प्रश्न तेच ते असतात. आपणच बदललेल्या असतो.

आणि एकटीने करण्यापेक्षा दोघी-तिघी मिळून करा. हळदीकुंकवाला, भिशीला जमताच ना? त्यातल्याच तिघींनी आठवड्यातून एक दुपार ठरवावी. एकीने साहेब व्हावं, दुसरीने उमेदवार, तिसरीने चुका टिपाव्यात. सुरुवातीला हसण्यातच वेळ जाईल, जाऊ दे. इंग्रजी बोलताना हसू येणं हे ते बोलताना रडू येण्यापेक्षा केव्हाही बरं! यातल्या एकीला काम लागलं की तिने बाकी दोघींसाठी जागा कुठे आहे ते कळवत राहावं.

तर मग या आठवड्यात एक करा. वही घ्या, वर तारीख घाला आणि मुलाच्या रजेची चिठ्ठी इंग्रजीत लिहा. पाच ओळींत. चुकली तरी चालेल, उद्या सहावी ओळ लिहायची आहेच.